आम्ल, फ्लोराइड आणि तोंडातले जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे एक प्रयोग असतो. दात किडवणारे जिवाणू वेगवेगळ्या सामूच्या माध्यमात, म्हणजे पोषक द्रावणात, वाढवायचे, त्यात फ्लोराइड कमीजास्त घालायचं आणि वाढीत काय फरक पडतो ते मोजायचं. प्रयोग सोपा आहे, पण त्याभोवतीचे प्रश्न संपत नाहीत. मुलं वर्गात विचारतात, त्यांचे आईवडील फोनवर विचारतात, शेजारच्या काकू टूथपेस्टची ट्यूब घेऊन दारात येतात. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं एका जागी लिहिली आहेत. सामू म्हणजे पीएच, आम्लता मोजायचा आकडा. सात म्हणजे उदासीन, त्याहून जितका खाली तितकं आम्ल जास्त. शाळेच्या पुस्तकात हाच शब्द आहे, म्हणून इथेही तोच वापरते.

तोंडात आम्ल येतं कुठून? आम्ही तर आंबट फारसं खात नाही.

आंबट खाण्याशी त्याचा संबंध फार थोडा. किडीला कारण ठरणारं आम्ल गोडातून येतं. तोंडात सातशेहून जास्त प्रकारचे जिवाणू सापडले आहेत. त्यांतले बरेच साखर खाऊन लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. दूध विरजल्यावर दह्याला आंबटपणा आणणारं आम्ल हेच. फरक एवढाच, की विरजण भांड्यात लागतं आणि हे दाताला चिकटलेल्या पातळ थरात. दंतवैद्य त्या थराला प्लाक म्हणतात. तो घट्ट होऊन दगडासारखा झाला की घरोघरी त्याला कीटण म्हणतात.

ही गोष्ट आज साधी वाटते, पण ती उलगडायला बराच काळ गेला. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने १८९०मध्ये मांडलं, की तोंडातले जिवाणू अन्नातल्या शर्करेपासून आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. कोणता एक जिवाणू दोषी, हे त्याला सांगता आलं नाही. १९२४मध्ये लंडनच्या किलियन क्लार्कने किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस या गटातला एक जिवाणू वेगळा काढला. तो नेहमीसारखा गोल नव्हता, थोडा लांबट होता. हा मूळ जातीचा बदललेला प्रकार असावा असं वाटून त्याने नाव ठेवलं स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. पुढची जवळपास चाळीस वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. आज तोंडाच्या जिवाणूंवरचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिलं नाव त्याचंच असतं.

सामू ५.५ या आकड्याला एवढं महत्त्व का?

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं हायड्रॉक्सिॲपॅटाइट. लाळेत हेच कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतं, म्हणून एरवी दात लाळेत विरघळत नाही. प्लाकमधला सामू साधारण ५.५च्या खाली गेला की हा तोल मोडतो आणि खनिज दातातून बाहेर पडू लागतं. सामू पुन्हा वर आला की त्यातलं बरंच परत बसतं.

५.५ ही काही दगडावरची रेघ नाही. लाळेत कॅल्शियम किती आहे त्यावर हा आकडा माणसागणिक थोडा सरकतो. हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं असेल, तर तिथे ६.२ ते ६.५लाच झीज सुरू होते. मुळावर इनॅमल नसतं. उतारवयात दात मुळाशी किडतात त्याचं एक मोठं कारण हे आहे.

गोड खाल्ल्यावर सामू किती वेळ खाली राहतो?

अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टीफनने १९४०च्या दशकात हे प्रत्यक्ष मोजलं. लोकांना ग्लुकोजच्या पाण्याची चूळ भरायला लावली आणि प्लाकचा सामू टिपत गेला. काही मिनिटांतच सामू धाडकन खाली आला आणि अर्धा ते एक तास घेत सावकाश वर चढला. त्या आलेखाला आजही स्टीफनचा आलेख म्हणतात.

मला या आलेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याचं उतरणं नाही, तर चढण्याला लागणारा वेळ. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे त्यातून कळतं. जेवणात दोन मोदक खाल्ले तर आलेखात एक खड्डा पडतो. सकाळपासून दर तासाला अर्धा कप गोड चहा घेतला, तर सामू वर यायला लागतो न लागतो तोच पुन्हा खाली. टपरीवर बसणारे, पाळीत काम करणारे, दुकान सांभाळणारे यांच्या बाबतीत मी हे फार पाहते. त्यांना वाटतं आपण गोड खातच नाही, चहा तर गणतीतच नसतो. संक्रांतीचा तिळगूळ दाताच्या खाचेत चिकटून बसतो, त्याचा खड्डा जास्त वेळ टिकतो. रात्री खोकल्याचं गोड औषध देऊन मूल झोपवलं तर सगळ्यात वाईट, कारण झोपेत लाळ जवळजवळ आटते आणि सामू वर आणणारं कुणी उरत नाही.

गुळाने, मधाने दात किडत नाहीत ना?

किडतात. गुळात बहुतेक सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखरच असते, मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. जिवाणूला तिन्ही चालतात. त्यातही सुक्रोज म्युटन्सच्या विशेष कामाचं. ते फोडून तो ग्लुकान नावाचा चिकट पदार्थ बनवतो आणि त्याच्या जोरावर दाताला धरून राहतो. रसवंतीतला उसाचा रस म्हणजे तर सुक्रोज आणि वर लिंबू. प्या, आनंदाने प्या, पण एका बैठकीत संपवा आणि वर साधं पाणी प्या.

स्वतःच केलेल्या आम्लात हे जिवाणू मरत कसे नाहीत?

हा प्रश्न कुणी विचारला की मला फार बरं वाटतं, कारण फ्लोराइडचं गुपित इथूनच उलगडतं.

जिवाणूच्या पेशीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, फार आम्लात काम करू शकत नाहीत. बाहेरचा सामू घसरला की हायड्रोजन आयन, म्हणजे प्रोटॉन, पेशीत झिरपू लागतात. ते बाहेर फेकायला पेशीच्या पटलात एक पंप असतो, एफ-एटीपीएज. पेशीची ऊर्जा खर्चून तो प्रोटॉन उपसत राहतो. पावसात गळक्या होडीतून पाणी उपसतात तसंच.

सगळ्यांचे पंप सारखे नसतात. स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस हा निरोगी तोंडातला नेहमीचा रहिवासी. त्याचा पंप सामू ७च्या आसपास उत्तम चालतो. म्युटन्सचा ६च्या आसपास आणि लॅक्टोबॅसिलस या आम्ल करणाऱ्या दुसऱ्या जिवाणूचा त्याहूनही खाली. म्हणून सामू पाचच्या जवळ गेला की सँग्विनिस थकतो. म्युटन्सची वाढ मंदावते, पण साखर आंबवायचं काम तो साडेचारच्याही थोडं खालपर्यंत रेटतो. लॅक्टोबॅसिलसला तर हे वातावरण मानवतं. सँग्विनिसकडे आणखी एक सोय आहे. लाळेतल्या आर्जिनिनपासून तो अमोनिया बनवतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल मारतो. मात्र आम्ल वारंवार आणि भरपूर असेल तर हा उपाय पुरत नाही.

यातून १९९०च्या दशकात इंग्लंडच्या फिलिप मार्श यांनी एक विचार मांडला आणि तो मला पूर्ण पटतो. कीड हा बाहेरून आलेल्या एखाद्या जंतूचा रोग म्हणून पाहू नये. तोंडात सगळेच राहत असतात. आम्ल वारंवार होत राहिलं की आम्ल सोसणारे वाढतात, बाकीचे मागे हटतात. वाढलेले आणखी आम्ल करतात. वस्तीच बदलते.

मग फ्लोराइड जिवाणूंना नेमकं काय करतं?

फ्लोराइड हा ऋणभारित आयन आहे. पेशीच्या तेलकट पटलातून भार असलेला कण सहजी आत जात नाही. म्हणून उदासीन सामूला, म्हणजे सातच्या आसपास, जिवाणू फ्लोराइडच्या पाण्यात बराचसा सुखाने राहतो.

पण आम्ल असेल तर काही फ्लोराइड आयन प्रोटॉन उचलतात आणि हायड्रोजन फ्लोराइडचा रेणू तयार होतो. त्यावर भार नसतो, तो पटलातून सरळ आत शिरतो. किती फ्लोराइड या रूपात असेल याचा हिशेब करता येतो. हायड्रोजन फ्लोराइड पाण्यात असलं की त्याला हायड्रोफ्लुओरिक आम्ल म्हणतात. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला निम्मे रेणू फुटलेले असतात तो आकडा, सुमारे ३.१५ धरला, तर सामू ७ला साधारण ७००० आयनांमागे एक, सामू ६ला ७००मागे एक आणि सामू ५ला ७०मागे एक. सामू दोनने उतरला की आत शिरू शकणारं फ्लोराइड शंभरपट झालं. हे गणित मी फळ्यावर करते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर बघतात.

आत गेल्यावर काय होतं? पेशीच्या आतला सामू बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. त्यामुळे तो रेणू तिथे पुन्हा फुटतो. प्रोटॉन सुटतो आणि फ्लोराइडही सुटतं. भार आल्यामुळे फ्लोराइडला परतीची वाट सोपी नसते, ते आत साठत जातं. आता दोन संकटं एकदम येतात. सुटलेल्या प्रोटॉनमुळे पेशीच्या आतली आम्लता वाढते आणि उपसायच्या पंपावर भार येतो. फ्लोराइड त्या पंपालाही अडवतं. शिवाय ते एनोलेज या विकराला बांधून ठेवतं. साखर मोडण्याच्या साखळीतली ही शेवटून दुसरी पायरी. ती थांबली की फॉस्फोइनॉलपायरुव्हेट तयार होत नाही. म्युटन्स बाहेरची साखर आत ओढायला नेमका हाच पदार्थ वापरतो. म्हणजे आतली साखर मोडणं मंदावतं आणि नवी साखर आत येणंही मंदावतं. आम्ल कमी होतं.

आम्ल हे म्युटन्सचं हत्यार. त्या हत्याराने तो शेजाऱ्यांना हटवतो. पण त्याच आम्लामुळे फ्लोराइडला त्याच्या घरात वाट मिळते. जितकं आम्ल तो जास्त करेल तितकं फ्लोराइड त्याला जास्त बाधतं. जिवाणूशास्त्रातली इतकी सुंदर गाठ मी क्वचित पाहिली आहे.

म्हणजे फ्लोराइड हे जंतुनाशक समजायचं का?

नाही. इथे मला थोडं आवरतं घ्यायला हवं, कारण वरचं उत्तर वाचून तसा समज होतो.

ब्रश करताना तोंडात फ्लोराइड भरपूर असतं. काही मिनिटांत लाळ ते धुऊन नेते. प्लाकमध्ये जे मागे राहतं ते बहुतेक वेळा जिवाणू मारण्याएवढं नसतं, त्यांचं आम्ल थोडं कमी करण्याएवढं असतं. दात वाचण्यात फ्लोराइडचा मोठा वाटा दुसराच आहे आणि तो दाताच्या पृष्ठभागावर घडतो. सामू घसरून खनिज सुटू लागतं तेव्हा आजूबाजूला थोडंसंही फ्लोराइड असलं, तरी ते स्फटिकावर बसून झीज रोखतं. सामू वर आल्यावर खनिज परत बसतं, ते फ्लोरॲपॅटाइटसारखं, म्हणजे फ्लोराइड सामावलेलं, बसतं. हे खनिज सामू ४.५च्या आसपास जाईपर्यंत टिकाव धरतं, म्हणजे दाताला जवळजवळ एका पूर्ण आकड्याची सवलत मिळाली. शिवाय दातावर आणि प्लाकमध्ये कॅल्शियम फ्लोराइडसारखे सूक्ष्म कण साठलेले असतात. आम्ल वाढलं की ते विरघळून फ्लोराइड सोडतात. इथेही तेच सूत्र दिसतं, गरज पडते तेव्हाच फ्लोराइड हाताशी येतं.

आमच्या प्रयोगातल्या नळीत दात नसतो, म्हणून तिथे फक्त जिवाणूची बाजू दिसते. अहवालात विद्यार्थी लिहितात, ‘फ्लोराइड जिवाणू मारून दात वाचवते.’ मी ते खोडते.

आम्लात फ्लोराइड जास्त चालतं, तर पेस्टवर लिंबू पिळून ब्रश केला तर?

कृपया करू नका. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच असतो, तो थेट इनॅमल मऊ करतो आणि वरून ब्रश घासला की मऊ झालेला थर निघून जातो. फ्लोराइडला लागणारं आम्ल जिवाणू स्वतःच पुरवतात, आपण घालायची गरज नाही.

दंतवैद्याने लावलेलं जेल आंबट होतं. ते कसं काय चालतं?

तो आम्लीकृत फॉस्फेट फ्लोराइडचा जेल. त्यात १.२३ टक्के फ्लोराइड असतं आणि सामू तीन-साडेतीनच्या आसपास ठेवलेला असतो. थोड्या आम्लाने इनॅमलचा पृष्ठभाग किंचित खुला होतो आणि कॅल्शियम फ्लोराइडचा साठा जास्त बसतो, फॉस्फेटमुळे झीज मर्यादेत राहते. सगळं मोजूनमापून केलेलं असतं, तेही मोजक्या मिनिटांसाठी आणि गिळू न देता. पोर्सिलीनची कॅप असेल तर तिची चकाकी या जेलने जाऊ शकते, आधी सांगा. लहान मुलांना हल्ली बहुतेक वेळा वार्निश लावतात. त्यात ५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं, पण ते दातावर चटकन चिकटतं आणि पोटात फार कमी जातं.

मला ॲसिडिटीचा त्रास आहे. माझे दात त्यामुळे किडतील का?

जठरातलं आम्ल वारंवार तोंडापर्यंत येत असेल तर दात झिजतात, विशेषतः वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू. ही झीज आणि कीड या दोन वेगळ्या गोष्टी. किडीत जिवाणूंचं आम्ल प्लाकखाली एका जागी खड्डा पाडतं. झिजेत बाहेरून आलेलं आम्ल मोठा पृष्ठभाग गुळगुळीत आणि पातळ करतं, त्याला जिवाणू लागत नाहीत. नुसतं छातीत जळजळतं पण आंबट पाणी तोंडात येत नाही, अशांच्या दातांना हा धोका कमी. आंबट पाणी आलं तर लगेच ब्रश करू नका. साध्या पाण्याने किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. पित्तावर डॉक्टरांकडून उपचार घ्या, ते दातांसाठीसुद्धा लागतात.

कोकम, चिंच, कैरी, सोलकढी सोडायची का?

नाही हो. जेवणासोबत घेतलेल्या सोलकढीने कुणाचे दात झिजत नाहीत. कोकमाचं आगळ, चिंचेचा कोळ ही तीव्र आम्लं खरी, पण जेवताना लाळ भरपूर सुटते आणि ती सांभाळून घेते. आंबट गोळी किंवा सुकवलेली कैरी तासन् तास गालात धरून ठेवण्याची सवय मात्र दातांना महाग पडते. दही-ताक आंबट असूनही त्यात कॅल्शियम आणि केसीन हे दुधातलं प्रथिन असल्याने दाताचं नुकसान जवळजवळ होत नाही. बाटलीतली शीतपेयं वेगळी, त्यांच्यात आम्लही आहे आणि साखरही.

टूथपेस्टमध्ये फ्लोराइड किती असावं? ट्यूबवर कुठे पाहू?

आपल्याकडच्या नियमानुसार टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड चालत नाही आणि किती आहे ते ट्यूबवर आणि खोक्यावर छापावं लागतं. १००० पीपीएम म्हणजे किलोभर पेस्टमध्ये एक ग्रॅम. युरोपात ही मर्यादा १५०० आहे, म्हणून परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या ट्यूबवर मोठा आकडा दिसला तर घाबरू नका. कीड रोखण्याचा भरवशाचा परिणाम १००० आणि त्याच्या वरच्या मात्रेत दिसतो. ५०० पीपीएमच्या पेस्टचा भरवसा कमी. ‘आयुर्वेदिक’, ‘नॅचरल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण छापील मजकूर वाचून ठरवा.

आणि ब्रश झाल्यावर फेस थुंका, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नका. आपल्याला लहानपणापासून उलट शिकवलंय, मलाही. भरपूर पाण्याने चूळ भरली की तोंडात राहायला हवं होतं ते फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. रात्री झोपण्याआधीचा ब्रश सगळ्यात मोलाचा. तेव्हा लाळ कमी होणार असते आणि थोडंफार राहिलेलं फ्लोराइड जास्त वेळ टिकतं.

लहान मुलं पेस्ट गिळतात. काय करू?

तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत पूर्ण ब्रशवर काढलेली लांब पट्टी विसरून जा. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम. १००० पीपीएमच्या पेस्टमध्ये त्यात पाव मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. कधीतरी गिळलं तर काही होत नाही. ट्यूब मुलांच्या हाती देऊ नका, पेस्ट मोठ्यांनी काढावी.

आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मग दात चांगलेच राहतील ना?

हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी विचारला होता, यवतमाळ जिल्ह्यातून. चेष्टेत नाही, मनापासून. म्हणून याचं उत्तर मी सविस्तर देते.

पेस्टमधलं फ्लोराइड दाताला बाहेरून लागतं आणि थुंकलं जातं. पाण्यातलं पोटात जातं, रोज, आयुष्यभर. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह, दुसरा स्रोतच नसेल तर १.५पर्यंत चालवून घ्यायचं. त्याच्या वर ते अपायकारक ठरतं. आठेक वर्षांच्या आत, पक्के दात हाडात तयार होत असताना, जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर इनॅमल नीट घडत नाही. आधी पांढरे चट्टे, मग पिवळे-तपकिरी पट्टे, फार असेल तर दाताला खवले. वर्षानुवर्षं फार जास्त प्रमाण गेलं तर हाडं जखडतात, पाठ वाकते. आपल्या देशात हा हाडांचा आजार पहिल्यांदा १९३७मध्ये, तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यात नोंदवला गेला. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे.

गंमत म्हणजे दातांसाठी फ्लोराइड चांगलं हे जगाला कळलं ते डागाळलेल्या दातांमुळेच. कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग का, याचा शोध फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने १९०१पासून घेतला. डाग होते, पण कीड कमी होती. १९३१मध्ये पाण्यातल्या फ्लोराइडवर बोट ठेवता आलं. पुढे डाग पडू नयेत पण कीडही कमी व्हावी अशी मात्रा शोधून १९४५मध्ये मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. ज्यांच्या पाण्यात ते कमी होतं त्यांचा तो उपाय. आपल्या कित्येक गावांचा प्रश्न नेमका उलटा आहे.

उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने ते थोडं वाढतं. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. घरगुती आरओ यंत्रही फ्लोराइड बरंचसं काढतं. पहिलं काम मात्र पाण्याची तपासणी करून घेणं. आणि अशा गावातल्या लहान मुलांना पेस्ट किती, कोणती, हे दंतवैद्याला पाण्याचा अहवाल दाखवून विचारा.

जिवाणूंना फ्लोराइडची सवय होते का, प्रतिजैविकांसारखी?

प्रयोगशाळेत मात्रा हळूहळू वाढवत नेली तर फ्लोराइड सोसणारे म्युटन्स मिळतात. त्यांच्याकडे मुळातच फ्लोराइड बाहेर काढणारी प्रथिनं असतात. २०१२मध्ये येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने दाखवलं, की अनेक जिवाणूंमध्ये फ्लोराइड ओळखून अशी प्रथिनं सुरू करणारी आरएनएची कळच असते. फ्लोराइड निसर्गात सगळीकडे आहे, जिवाणूंचा त्याच्याशी सामना टूथपेस्टच्या फार फार आधीपासूनचा. यामुळे फ्लोराइड पेस्ट निरुपयोगी होईल अशी भीती बाळगायचं कारण नाही, कारण तिचं मोठं काम जिवाणूवर नसून खनिजावर आहे.

हा प्रयोग आम्हाला महाविद्यालयात करायचा आहे. कसा करावा?

जिवाणूचा संवर्ध, म्हणजे शुद्ध वाढवलेला नमुना, चंदीगडच्या एमटीसीसीसारख्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून मागवा. मेंदू-हृदय अर्काच्या द्रव माध्यमात थोडं ग्लुकोज घाला, सामू ७, ६.५, ६, ५.५ आणि ५ असा नळ्यांमध्ये बसवा. प्रत्येक सामूला फ्लोराइड शून्य, २५, ५०, १०० आणि २०० पीपीएम. ३७ अंशांवर, मेणबत्तीच्या बरणीत (आत मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावलेली बरणी), २४ ते ४८ तास. मग ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात गढूळपणा मोजा, जितकी वाढ जास्त तितकं द्रावण गढूळ. प्रत्येक नळीचे तीन संच करा, एका नळीवर विश्वास टाकू नका.

दरवर्षी होणारी चूक म्हणजे १०० पीपीएम फ्लोराइडसाठी लिटरला १०० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड घेणं. सोडियम फ्लोराइडच्या वजनात फ्लोराइड फक्त ४५ टक्के. १०० पीपीएमला २२१ मिलिग्रॅम लागतं. फ्लोराइडची द्रावणं प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. आणि फ्लोराइडच्या तीव्र द्रावणात तीव्र आम्ल कधीही ओतू नका, हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. ते त्वचेतून आत जातं आणि जखम उशिरा कळते. माध्यमाचा सामू आधी बसवा, निर्जंतुक करा, फ्लोराइड शेवटी घाला.

आमच्या सामू ७च्या नळीतही फ्लोराइडने वाढ कमी झाली. प्रयोग चुकला का?

बहुधा नाही. शेवटी त्या नळीचा सामू मोजलात का? ग्लुकोज असलेल्या माध्यमात जिवाणू स्वतः आम्ल करतो, काही तासांतच सातचे साडेपाच होतात आणि तिथून फ्लोराइड त्याला अडवू लागतं. गढूळपणाचा आलेख दर तासाला काढला तर दिसेल, की सुरुवातीला फ्लोराइडची आणि बिनफ्लोराइडची अशा दोन्ही नळ्या बरोबरीने चढतात आणि मग फ्लोराइडची नळी सपाट होते. सामू खरोखर सातला धरून ठेवायचा असेल तर माध्यमात भरपूर बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे क्षार, घाला. या नळीत मुलं निराश होतात आणि मला वाटतं, सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं.

घरी लाळ घेऊन करता येईल का?

लाळेतले जिवाणू घरी वाढवू नका. कोण वाढलं हे कळत नाही आणि ते सुरक्षितपणे नष्ट करायला ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, लागतं. त्याऐवजी दोन अंडी घ्या. एका अंड्याच्या अर्ध्या भागावर फ्लोराइडची पेस्ट लावून काही तास ठेवा, धुवा, मग दोन्ही व्हिनेगरमध्ये बुडवा आणि बुडबुडे पाहा. अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, दाताच्या खनिजाचं नव्हे, त्यामुळे हे फक्त दाखवण्यापुरतं.

आजी मिश्री लावते. तिचे दात अजून शाबूत आहेत. मग?

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दात शाबूत दिसत असले तरी हिरडीला आणि गालाच्या आतल्या त्वचेला तंबाखू लागतोच, कर्करोगाचा धोका राहतो आणि निकोटिनची सवय सुटत नाही. मिश्रीत फ्लोराइडचा काही फायदा नाही. राखुंडी खरखरीत, इनॅमल घासते. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून मऊ केली तर प्लाक निघतो, पण फ्लोराइड मिळत नाही. आजींचे दात टिकले त्यात बहुधा त्यांच्या तरुणपणी घरात साखर किती कमी होती याचा मोठा हात असावा. त्यांना चिडवू नका. दंतवैद्याकडे घेऊन जा आणि गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, ते पाहायला सांगा.